वाचकांचे प्रश्न : जिवाणूच्या पेशीत नेमके असते काय?

या वेळी आलेल्या पत्रांतील बरेचसे प्रश्न जिवाणूच्या पेशीभोवतीच फिरत असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या दोन प्रश्नांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण पुढची उत्तरे बव्हंशी त्यांच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. आमच्या पुस्तकात जिवाणूच्या पेशीचे वर्णन ‘केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, हरितलवके नाहीत’ अशा नकारांनीच सुरू होते. इतके सगळे नसताना ही पेशी ऊर्जा कशी मिळवते, आणि केंद्रकावाचून तिचा डीएनए राहतो कोठे?

उत्तर : आपल्याला खटकलेली गोष्ट खरोखरच खटकण्यासारखी आहे. एखाद्या सजीवाचे वर्णन त्याच्याजवळ काय नाही यावरून केले, की तो आपल्याच पेशीचा अर्धवट राहिलेला नमुना आहे असा समज मनात घर करतो. प्रत्यक्षात जिवाणूची पेशी सर्वार्थाने पूर्ण असते. आपली पेशी जी कामे वेगवेगळ्या दालनांत वाटून करते, ती सारी कामे ही पेशी एकाच खोलीत करते, आणि त्या एका खोलीमुळेच तिला काही गोष्टी आपल्यापेक्षा फार लवकर साधतात.

आधी आकार लक्षात घेऊ. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब आणि त्याच्या निम्म्याहून कमी रुंद असतो, म्हणजे असे पाचशे जिवाणू एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर अंतर भरेल. त्याच्या एकमेव, वर्तुळाकार गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आणि ४,३०० च्या आसपास जनुके असतात. हा डीएनए सरळ ताणला तर दीड मिलिमीटरहून थोडा लांब भरतो, म्हणजे पेशीच्या लांबीच्या जवळजवळ आठशे पट. दोरीला पीळ देत राहिले की ती आपोआप स्वतःभोवती गुंडाळत जाते. त्याच रीतीने विशिष्ट विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने (एन्झाइम), या डीएनएला पीळ देतात, त्याचे वेटोळे तयार होतात आणि काही प्रथिने ते वेटोळे जागोजागी आवळून धरतात. अशा आवळलेल्या भागाला केंद्रकाभ म्हणतात. त्याच्याभोवती पटल नसते, म्हणून त्याला केंद्रक म्हणत नाहीत, एवढेच.

पण या ‘एवढेच’ म्हणण्यात पुष्कळ काही दडलेले आहे. आपल्या पेशीत जनुकाची आरएनए-प्रत केंद्रकात निघते, तिथेच तिची काटछाट होते, मग ती पटलातील छिद्रांतून बाहेर येते आणि त्यानंतर रायबोसोम तिच्यावरून प्रथिन घडवू लागतात. जिवाणूत मधली भिंतच नसल्यामुळे आरएनएचे एक टोक अजून तयार होत असतानाच दुसऱ्या टोकाला रायबोसोम चिकटतात आणि कामाला लागतात. ऑस्कर मिलर, बार्बरा हॅमकॅलो आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या घटनेची छायाचित्रेच घेतली. डीएनएचा एक बारीक धागा, त्याच्यापासून फुटलेल्या आणि क्रमाक्रमाने लांब होत गेलेल्या आरएनएच्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर मण्यांसारखे ओवलेले रायबोसोम त्या चित्रांत स्पष्ट दिसतात. समोर एखादी नवी साखर आली, की ती पचवणारे विकर जिवाणू काही मिनिटांत तयार करू शकतो, त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे.

आता ऊर्जा. आपल्या पेशीत ऊर्जा तयार करण्याचे जे काम तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) करतात, ते जिवाणूत पेशीपटल करते. या पातळ पटलात प्रथिनांच्या साखळ्या बसवलेल्या असतात. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन त्यांच्यावरून पुढे सरकताना हायड्रोजनचे धनभारित आयन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर ढकलले जातात. बाहेर प्रोटॉनांची गर्दी होते, त्यांना आत परतायचे असते, आणि परतीची एक वाट एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू, तयार करणाऱ्या विकरातून जाते. हे विकर चक्रासारखे फिरते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक एटीपीचे काही रेणू बाहेर टाकते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा तिला कडाडून विरोध झाला. १९७८ मध्ये तिच्यासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत्‌दाबाचा फरक जेमतेम ०.१५ व्होल्ट असतो, पण पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटरच असल्याने तेथील विद्युत्‌क्षेत्र मीटरला ३ कोटी व्होल्ट इतके भरते. हवेतून ठिणगी पडायला जेवढे क्षेत्र लागते, त्याच्या हे सुमारे दहापट आहे. जिवंत जिवाणू हे क्षेत्र सतत टिकवून धरतो, आणि ते ढासळले तर त्याचा व्यवहार थांबतो.

म्हणून ‘जिवाणूत तंतुकणिका नसतात’ हे वाक्य मला नेहमी उलट्या टोकाने वाचावेसे वाटते. आपल्या पेशीतील तंतुकणिका याच मुळात कधीकाळी स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाणूंच्या वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार नव्याने आणि नेटाने मांडला, आणि तंतुकणिकांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए व त्यांचे जिवाणूंशी मिळतेजुळते रायबोसोम पाहता आज त्याविषयी शंका उरलेली नाही. जिवाणूला तंतुकणिका लागत नाही, कारण ते काम त्याचे स्वतःचेच आहे.

प्रश्न : मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी माझी तपासणी झाली, तेव्हा अहवालात ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असे लिहिलेले होते, आणि पूर्वी घशाच्या दुखण्यावर लागू पडलेले औषध या वेळी चालणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हे ‘ग्रॅम’ काय आहे? शिवाय, प्रतिजैविक जिवाणूच्या पेशीला मारते, तर आमच्या पेशींना का मारत नाही?

उत्तर : ‘ग्रॅम’ हे वजनाचे माप नसून एका माणसाचे नाव आहे. हान्स क्रिस्तियान ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करत असताना जिवाणू रंगवण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती रोज वापरली जाते. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरून तो वाळवतात आणि हलक्या उष्णतेने पक्का करतात. त्यावर आधी क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, मग आयोडीनचे द्रावण घालतात. या दोहोंचे मोठे कण पेशीच्या आत तयार होतात. त्यानंतर अल्कोहोलने काचपट्टी धुतात आणि शेवटी सॅफ्रॅनिन हा लालसर रंग देतात. सगळी गोम अल्कोहोलच्या पायरीत आहे. ती काही सेकंदांचीच असते आणि हात जरा रेंगाळला तर ज्यांनी जांभळे राहायचे तेही फिके पडतात. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून पाहिले, की स्टॅफिलोकोकस या जिवाणूचे जांभळे ठिपके घडासारखे एकत्र दिसतात आणि ई. कोलायच्या गुलाबी दांड्या इतस्ततः विखुरलेल्या दिसतात. पहिले ग्रॅम पॉझिटिव्ह, दुसरे ग्रॅम निगेटिव्ह.

हा फरक रंगाचा वाटतो, पण तो पेशीच्या बांधणीचा आहे. जवळजवळ सर्व जिवाणूंच्या पेशीपटलाबाहेर पेप्टिडोग्लायकॅनची भित्तिका असते. दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून जोडलेल्या लांब साखळ्या आणि त्या साखळ्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे, अशी ही जाळी पेशीला सर्व बाजूंनी पिशवीसारखी वेढते. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंत ती २० ते ८० नॅनोमीटर जाड असते आणि अल्कोहोलने ती आक्रसली की जांभळे कण आतच अडकतात. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंत ती काही नॅनोमीटरचीच असते, पण तिच्याबाहेर आणखी एक मेदयुक्त पटल असते. अल्कोहोल ते बाहेरचे पटल विरघळवते आणि पातळ जाळीतून रंग निसटून जातो.

भित्तिका कशासाठी हवी, हे पाण्याच्या ओढीवरून कळते. पेशीच्या आत क्षार, शर्करा, प्रथिने यांची दाट गर्दी असते, त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत शिरू पाहते आणि आतला दाब वाढतो. जाड भित्तिकेच्या काही जिवाणूंत हा दाब वातावरणाच्या वीसपटीपर्यंत जातो. नुसते पटल या दाबाने क्षणात फुटेल. भित्तिका ते धरून ठेवते. मात्र पेशीला वाढायचेही असते, आणि ताणलेल्या जाळीत नवे धागे घालायचे तर जुने दुवे कापावेच लागतात. फुगलेला फुगा फुटू न देता त्याच्या रबरात नवे तुकडे बसवण्यासारखे हे काम आहे, आणि वाढत असलेला प्रत्येक जिवाणू ते अखंड करत असतो.

पेनिसिलिन नेमके या क्षणी घात करते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीत सापडलेला हा रेणू, आडवे दुवे बांधणाऱ्या विकराच्या मूळ कच्च्या मालासारखा दिसतो. विकर त्याला पकडते आणि कायमचे अडकून पडते. दुवे कापणारी विकरे मात्र आपले काम करतच राहतात, जाळी विरळ होत जाते आणि शेवटी आतल्या दाबाने पेशी फुटते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये ई. कोलायला भरपूर साखर असलेल्या द्रावणात पेनिसिलिन दिले, तेव्हा आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा असल्याने पेशी फुटल्या नाहीत. त्या आपला दांडीसारखा आकार सोडून गोल झाल्या आणि पेनिसिलिन काढून घेतल्यावर पुन्हा दांडीसारख्या झाल्या. औषध पेशीवर नेमके काय करते आणि भित्तिका पेशीसाठी काय करते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका प्रयोगात मिळतात. जो जिवाणू वाढतच नाही, त्याला पेनिसिलिन सहसा मारू शकत नाही, हेही यावरूनच समजते.

आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिनला तिथे धरायला जागाच नाही. काही औषधांचे लक्ष्य रायबोसोम असते. जिवाणूंचे रायबोसोम ७०एस, तर आपल्या पेशीद्रवातले ८०एस प्रकारचे असतात (‘एस’ हे वेगाने गरगरवलेल्या द्रावणात कण किती लवकर खाली बसतो याचे एकक), आणि या फरकाचा आधार घेऊन टेट्रासायक्लीन किंवा एरिथ्रोमायसिन जिवाणूंची प्रथिननिर्मिती तेवढी रोखतात. रायबोसोमची रचना उलगडण्यासाठी व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्स आणि आदा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र आधीच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे आपल्या तंतुकणिकांचे रायबोसोम जिवाणूंच्या घराण्यातले आहेत, आणि क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधांचे काही दुष्परिणाम या नातेसंबंधातूनच उद्भवतात.

आपले जुने औषध या वेळी का चालणार नाही, याचे एक कारण त्या बाहेरच्या पटलात असू शकते. त्यातून आत जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पोरिन नावाच्या प्रथिनांची अरुंद छिद्रे. पेनिसिलिनचे मूळ रूप त्यांतून फारसे जात नाही. १९६१ मध्ये वापरात आलेल्या अँपिसिलिनमध्ये एक छोटासा बदल केल्यामुळे ते जाऊ शकते. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचा रेणू तर इतका मोठा आहे की ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या दारातच तो अडतो. दोन पटलांमधल्या पोकळीत पेनिसिलिन तोडणारी विकरेही असू शकतात. अशा विकरांची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीकडेही, जाऊ शकतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की मागच्या दुखण्यातून उरलेल्या गोळ्या नव्या दुखण्यावर स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवतो. जिवाणूच्या पेशीच्या आकृतीत ‘मेसोसोम’ दाखवावा की नाही? काही पुस्तकांत तो आहे, काहींत नाही.

उत्तर : खरी रचना म्हणून दाखवू नये. पेशीपटलाच्या आत वळलेल्या या घड्या १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या आणि श्वसन, पेशीविभाजन, डीएनए वेगळे करणे अशी अनेक कामे त्यांच्या नावावर जमा झाली. पुढे १९७० च्या दशकापासून, रसायनांनी पेशी स्थिर करण्याऐवजी ती अतिशीघ्र गोठवून पाहण्याच्या पद्धती आल्या, तेव्हा या घड्या नाहीशा झाल्या. नमुना तयार करताना रसायनांमुळे पटलाला पडलेल्या त्या सुरकुत्या होत्या. माझ्या पिढीतील शिक्षकांनी, आणि त्यात मीही आलो, मेसोसोमचे कार्य विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले आहे, याची मला खंत वाटते. आपण ती आकृती वर्गात जरूर दाखवा, पण एक चूक कशी घडली आणि कशी सापडली याचे उदाहरण म्हणून दाखवा.

त्याच आकृतीत जागा द्यायचीच असेल तर ती एफटीएसझेड या प्रथिनाला द्यावी. विभाजनाच्या वेळी हे प्रथिन पेशीच्या बरोबर मध्यभागी कड्यासारखे जमते आणि तिथे नवी भित्तिका रचण्याचे काम सुरू होते. त्याची घडण आपल्या पेशीतील ट्यूब्युलिनशी जुळते, तर दांडीसारखा आकार राखणाऱ्या एमआरईबी या प्रथिनाची घडण अ‍ॅक्टिनशी जुळते. ट्यूब्युलिन आणि अ‍ॅक्टिन ही आपल्या पेशीचा आतला सांगाडा घडवणारी प्रथिने आहेत. जिवाणूला पेशी-सांगाडाच नसतो, हे जुने विधानही त्यामुळे आता गाळायला हवे.

प्रश्न : जिवाणू पोहतात असे वाचले. ज्याला डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत, त्याला कोठे जायचे हे कसे कळते?

उत्तर : पोहण्याचे साधन म्हणजे कशाभिका. हा सुमारे २० नॅनोमीटर जाडीचा आणि पेशीच्या कित्येक पट लांब असा मळसूत्री प्रथिन-धागा असून, त्याच्या मुळाशी पटलात बसवलेली फिरणारी यंत्रणा असते. ती यंत्रणा एटीपीवर चालत नाही. पटलाबाहेर साठलेले प्रोटॉन तिच्यातून आत येताना तिला फिरवतात. कशाभिका चाबकासारखी हलते की खरोखर गोल फिरते, हा वाद बराच काळ होता. सिल्व्हरमन आणि सायमन यांनी १९७४ मध्ये प्रतिपिंडांच्या साह्याने कशाभिकेचा धागा काचेला चिकटवला. धागा जखडला गेल्यावर जिवाणूचे सगळे शरीरच त्याच्याभोवती गरगरू लागले, काही वेळ एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या त्या दृश्याने वाद मिटला.

या दोन दिशांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ई. कोलायच्या कशाभिका घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात तेव्हा त्यांची एक जुडी होते आणि पेशी साधारण सेकंदभर सरळ धावते. त्यांतल्या काही उलट फिरल्या की जुडी विस्कटते, पेशी क्षणभर कोलांटते आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा धावू लागते. जिवाणू इतका लहान आहे की अन्न डाव्या अंगाला अधिक आहे की उजव्या, हे त्याला नीट ताडता येत नाही. तो आत्ताची परिस्थिती काही सेकंदांपूर्वीच्या परिस्थितीशी ताडून पाहतो. पटलातील ग्राहक प्रथिनांना, म्हणजे बाहेरचे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना, मिथिल गट (कार्बन आणि हायड्रोजनचे छोटे तुकडे) जोडले जातात आणि काढले जातात, आणि त्यांची संख्या ही जणू त्याची अल्पशी स्मृती असते. परिस्थिती सुधारत असेल तर कोलांटी लांबणीवर पडते, बिघडत असेल तर लवकर येते. दिशा ठरवता न येताही तो अखेर अन्नाकडे पोहोचतो.

प्रश्न : पाणी उकळल्यावर त्यातले सगळे जिवाणू मरतात का?

उत्तर : पटकी आणि विषमज्वर यांसारखे आजार पसरवणारे जिवाणू मरतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते महत्त्वाचे आहे. पण बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम गटांतील जिवाणू प्रतिकूल काळात पेशीच्या आतच बीजाणू तयार करतात आणि त्यांतील अनेक बीजाणू उकळते पाणी सहन करतात. फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले. बीजाणूच्या गाभ्यातून बहुतेक पाणी काढून टाकलेले असते, त्याची जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांनी घेतलेली असते, आणि लहान प्रथिने डीएनएला घट्ट लपेटून ठेवतात. हे पुनरुत्पादन नव्हे, कारण एका पेशीपासून एकच बीजाणू होतो. शस्त्रक्रियेची उपकरणे दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे ठेवतात, ती या बीजाणूंसाठीच. अल्कोहोलयुक्त द्रवाने हात चोळल्यावरही बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी त्यांना मारत नसले तरी हातावरून वाहून नेते.

प्रश्न : नुसत्या डोळ्यांनी दिसणारा जिवाणू आहे का?

उत्तर : आहे. नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या गाळात सापडलेला आणि १९९९ मध्ये जाहीर झालेला थायोमार्गरिटा नामिबिएन्सिस पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटांच्या खारफुटीत मिळालेला, २०२२ मध्ये वर्णन केलेला थायोमार्गरिटा मॅग्निफिका तर सरासरी एक सेंटिमीटर लांबीच्या पांढऱ्या धाग्यासारखा असतो. एरवी जिवाणू लहान राहतात, कारण अन्न पेशीत सर्वत्र आपोआप पसरायचे तर अंतर थोडे असावे लागते. या दोन्ही जिवाणूंच्या आतला बहुतेक भाग एका मोठ्या द्रवपूर्ण पोकळीने व्यापलेला असतो आणि जिवंत पेशीद्रव कडेला पातळ थरासारखा उरतो, त्यामुळे अन्नाला लांबचा प्रवास करावाच लागत नाही. थायोमार्गरिटा मॅग्निफिकाच्या त्या थरात डीएनए आणि रायबोसोम पटलाने वेढलेल्या असंख्य बारीक पुड्यांत ठेवलेले आढळतात.